पंधरा दिवस कोणाचे

सुपारी फुटली, बायकांनी रेणूला कुंकू लावलं, आणि लेकीचं एवढं तरी पार पडलं असं मनीषाला वाटलं. सकाळपासून ती चुलवणाजवळ उभी होती खरी, पण नजर मांडवातच होती. दीड-दोनशे माणसांत ती एकाच माणसाला राखत होती. तिचा नवरा गोरक्षनाथ पाव्हण्यांना टॉवेल-टोपी देत होता. बोलत होता, जीभ जड नव्हती. चालत होता, पाय सरळ पडत होता. गेल्या साली दीर परमेश्वरच्या पोराच्या जावळाला हाच माणूस मांडवाचा खांब मिठीत घेऊन खाली आला होता, आणि जेवत्या पंगतीवर अर्धा मांडव बसला होता. ते हसू भावकीत अजून शिळं झालं नव्हतं.

आज पंधरा दिवस पुरे झाले होते.

रेणूची सोयरीक परतूरकडच्या घरात जमते असं दिसल्यावर सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, थोरल्या लेकाला बिरोबाच्या देवळात नेलं आणि त्याच्या तळहातावर भंडारा ठेवला. "पोरीचं कुंकू होईस्तोवर थेंब न्हाई," एवढंच म्हणाले. गोरक्षनाथने भंडारा कपाळाला लावला. त्यानंतर चार दिवस तो घरात दिसलाच नाही. म्हातारा त्याला शेतात मेंढरांजवळ घेऊन बसला होता. पाचव्या दिवशी तो आला तेव्हा डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते, पण माणूस शुद्धीत होता. "थंडीताप आल्ता," काकासाहेबांनी सांगितलं. पुढे कोणी विचारलं नाही.

मनीषाचा मात्र विश्वास बसत नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात तिने चार शपथा पाहिल्या होत्या. एक आईच्या डोक्यावर हात ठेवून, एक रेणूच्या, दोन नुसत्याच रडून. सगळ्यांत लांब टिकलेली शपथ अकरा दिवसांची. कधीकाळी टेंभुर्णीच्या शिवारात गोरक्षनाथसारखा क्रॉसिंगचा, म्हणजे बियाण्यासाठी फुलांचा संकर करण्याचा, हात नव्हता. शेडनेटमध्ये मिरचीची इवलीशी कळी चिमट्याने उघडून आतला नर अलगद काढायचा, फुलाला कळायचंही नाही. आता सकाळी हात थरथरायचे, म्हणून धाकटा भाऊ परमेश्वर त्याला घरच्याच शेडनेटमध्ये कळीजवळ बसू देत नसे. पाण्याचे पाइप ओढायला लावी.

म्हणून मनीषा शपथेच्या सहाव्या दिवशी नवीन जालन्याला बहिणीकडे गेली होती. बेबीनंदाचा नवरा बियाण्याच्या गोदामात हमाल. त्याला डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि त्याची दारू सुटली होती. दहा गोळ्यांचं एक पाकीट उरलं होतं.

"ह्यानं पिण्याची गोडी जाती का गं?" मनीषाने विचारलं होतं.

"ते मला ठावं न्हाई. पण ही खाऊन कोणी प्यालं तर असा तरास व्हतो की पुन्हा नाव काढत न्हाई. आमचे तर भेवानंच राह्यले."

"अन् न सांगता दिली तर?"

बेबीनंदा जरा थांबली. "आमच्या ह्यांना ठावं होतं," ती म्हणाली. "तू बघ बाई तुह्या घरचं."

मनीषाने बघितलं. घरी येऊन एकट्या सासूच्या कानावर घातलं. सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "कालवणात टाक. अन् तोंड शिवून ठेव." दुसऱ्या दिवसापासून गोरक्षनाथच्या वरणात एक गोळी चुरून जाऊ लागली. आज सकाळी शेवटची गेली. रिकामं पाकीट टाकायला भरल्या घरात जागा सापडली नाही, म्हणून ते तिने पोलक्यात खोचलं होतं.

पंगती सुरू झाल्या. मनीषाने वाढप्यांच्या हातात बुंदीची पाटी दिली, मान वर केली आणि तिला गोरक्षनाथ दिसला नाही.

मांडवात नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी नव्हता. मग दिसला. शेडनेटच्या आडून येत होता. त्याच्या खांद्यावर नवरदेवाचा चुलता राधेश्याम याचा हात होता. दोघं हसत होते. राधेश्यामने जीपचं दार ओढून लावलं, आणि गोरक्षनाथने नव्या टॉवेलने मिशी पुसली. डावीकडून उजवीकडे, एकदाच.

ती मिशी पुसण्याची तऱ्हा मनीषाला बावीस वर्षं माहीत होती.

"आत्या," ती सासूजवळ जाऊन कुजबुजली, "पेले ते."

सुगंधाबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या म्हणाल्या, "थोडं उलटल्यागत व्हईल. पित्त झालं म्हणू. तू पाव्हण्यांपुढं जाऊ नको रडकं तोंड घेऊन."

पण ते थोडं नव्हतं. पाव तास झाला नसेल, गोरक्षनाथचं तोंड कानांपासून खाली मानेपर्यंत लाल होत गेलं, विटेसारखं. डोळे तांबारले. त्याने सदऱ्याची बटणं उघडली, एक हात छातीवर ठेवला आणि पंगतीच्या कडेला उभ्या असलेल्या व्याह्यांकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बोलणं आलंच नाही. तो गुडघ्यावर बसला, ओकला, पुन्हा ओकला, आणि लालबुंद चेहरा बघता बघता राखेसारखा पांढरा पडला. बायकांत ओरड झाली. कोणीतरी म्हणालं, "औषध घेतलं का काय ह्यानं?" आपल्या भागात औषध घेतलं म्हणजे पिकावर फवारायचं, ते सगळ्यांना कळतं.

राधेश्याम मागे मागे सरकत जीपला टेकला होता.

परमेश्वरने पिकअप मांडवात घातली; सुगंधाबाई पुढे त्याच्याशेजारी बसल्या. मागच्या हौद्यात मनीषाने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या गळ्यावरची शीर इतकी जोरात उडत होती की तिला स्वतःच्या मांडीत ते ठोके लागत होते. समोर काकासाहेब लेकाचे पाय धरून बसले होते. गाडी सुटता सुटता रेणू चढली, नवी साडी, कपाळभर कुंकू, ओटीतले तांदूळ रस्ताभर सांडत.

"आई, काय झालं दादांना?" तिने बापाचा हात धरत विचारलं. "आई, बोल ना."

मनीषाने पदराने त्याचं तोंड पुसलं.

टेंभुर्णीच्या दवाखान्यात डॉक्टर आकांक्षा होत्या. तिशीच्या आतल्या, बारीक अंगाच्या. त्यांनी गोरक्षनाथला खाटेवर घेतलं, बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा बांधला आणि मान वर न करता विचारलं, "काय खाल्लं? काय प्यायले?"

"काही न्हाई मॅडम," परमेश्वर म्हणाला. "सकाळपासून उपाशी हाय. पोरीचा कार्यक्रम होता. पित्त झालं."

"दारूचा वास येतोय."

"पाव्हण्यानं दिली असंल घोटभर. आज शुभ दिवस."

"घोटभर दारूनं रक्तदाब एवढा खाली जात नाही." आता त्यांनी मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "नीट ऐका. ह्यांना कसली गोळी चालू आहे का? दारू सोडायची? कोणी पुडी, काढा, काही दिलंय?"

सुगंधाबाईंनी पदराआडून मनीषाचं मनगट धरलं. बांगड्या हाडाला रुतल्या.

"न्हाई," सुगंधाबाई म्हणाल्या. "बिरोबाची आन. आमच्या घरात असलं काही न्हाई."

मनीषाला सगळं एकदम दिसलं. आपण बोललो की काय होणार. नवऱ्याला विष घालून मारणारी बाई. परमेश्वरचं तोंड, भावकीचं तोंड, माहेरी गेलेला निरोप, रेणूचं मोडलेलं लग्न. आणि नाही बोललो तर तो रक्तदाबाचा आकडा, जो डॉक्टरीण आता पुन्हा पुन्हा बघत होती.

तिने मनगट सोडवलं. पोलक्यातून पाकीट काढलं. ते घामाने ओलं झालं होतं.

"ही गोळी हाय," ती म्हणाली. "मी दिली."

डॉक्टरांनी पाकीट उजेडात धरून वाचलं. "किती दिवस?"

"दहा दिवस. रोज एक. वरणात."

"आज?"

"आज बी."

"त्यांना माहीत होतं?"

"न्हाई."

डॉक्टर वळल्या आणि भराभर सांगत सुटल्या, ऑक्सिजन लावा, दुसरी सलाइन उघडा, ईसीजी काढा. पडदा ओढला गेला, आणि घरचे सगळे बाहेरच्या बाकड्यांपाशी उरले.

परमेश्वरचा आवाज फुटला.

"वहिनी, तू भावाला विष घातलं?"

"विष न्हवतं भाऊजी. बेबीच्या नवऱ्याला डॉक्टरनंच..."

"डॉक्टरनं त्याला दिलं! माह्या भावाला कोणी दिलं? भरल्या मांडवात पाडलं माणसाला. व्याह्यांपुढं. तुह्या भावाला आत्ता बोलावतो, न्हाई तर पोलिसात..."

मनीषाने रेणूकडे पाहिलं. रेणू भिंतीला टेकून उभी होती. तिने आईकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. तेवढं मनीषाला सोसलं नाही. मग तिने सासूकडे पाहिलं. सुगंधाबाई समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होत्या, जणू पहिल्यांदाच वाचायला शिकल्या असाव्यात. एक शब्द, मनीषा मनात म्हणत होती. आत्या, एकच शब्द.

परमेश्वरने मोबाइल काढला. आकडे दाबू लागला.

"ठिव ते," सुगंधाबाई म्हणाल्या.

"आई, तू मधी पडू नको."

"ठिव म्हणते ना. मी सांगितलं तिला. कालवणात टाक म्हणून मीच सांगितलं. अन् आत्ता देवाची खोटी आन बी मीच घेतली. कोणाला बोलवायचं ते माह्यासाठी बोलव."

परमेश्वरने मोबाइल खाली घेतला.

"अन् दुसरं सांगते," म्हातारीचा आवाज आता कापत होता, पण थांबत नव्हता. "रोज दिवस मावळता त्याला क्वार्टर कोण आणून देत होता? रोजीच्या पैशाच्या जागी? पाइप ओढायला माणूस स्वस्तात पडतो म्हणून? म्या पाह्यलं न्हाई असं वाटतं का तुला?"

"तो मागत होता आई."

"तो मागत होता अन् तू देत होता. त्यानं मागितलं न्हवतं, तरी हिनं दिलं. बस. आता कोण कोणाला पोलिसात घालतो ते बघू."

परमेश्वर बाकड्यावर बसला.

अर्ध्या-पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आल्या. "रक्तदाब वर येतोय," त्या म्हणाल्या. "धोका टळत आलाय. पण उद्यापर्यंत इथंच राहतील." सुगंधाबाई मटकन खाली बसल्या. डॉक्टरांनी कागद मांडीवर घेतला. "आता खरं सांगा. एरवी किती पितात?"

"कधीमधी," सुगंधाबाई जमिनीवरूनच म्हणाल्या. सवयच ती.

"रोज एक क्वार्टर," परमेश्वर म्हणाला. "त्याच्यावर न्हाई."

"दोन," रेणू म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "दुसरी शेडनेटमध्ये खताच्या गोणीमागं ठेवायचे. मला ठावं होतं."

"आणि सकाळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी बी," मनीषा म्हणाली. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "तोंड धुवायच्या आधी. तेवढी घेतली की हात थांबायचे."

एकाच घरात राहून प्रत्येकाला त्याची वेगळी दारू माहीत होती. डॉक्टर लिहीत होत्या.

"मग गोळीच्या आधी एकदम बंद केली तेव्हा काय झालं?"

काकासाहेब दारात येऊन उभे राहिले. आतापर्यंत ते पायरीवर एकटे बसून होते.

"ते मी सांगतो," ते म्हणाले. "पंधरा दिस झाले सोडून. पयल्या दिशी हात. दुसऱ्या दिशी सगळं अंग. घाम असा की घोंगडी पिळावी. तिसऱ्या दिशी म्हणला, आबा, मेंढरांत कुत्री शिरली. एक बी कुत्रं न्हवतं. अंगावरच्या मुंग्या झाडीत बसला. मी धरून ठेवला. चवथ्या दिशी झोपला."

डॉक्टरांचा पेन थांबला. "आजोबा, तुमचं नशीब थोर. एवढी रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की कधी झटके येतात, माणूस जातोसुद्धा. दवाखान्यात आणायचं होतं. त्याला औषधं असतात."

काकासाहेबांनी पागोटं काढून हातात घेतलं. "मला वाटलं," ते म्हणाले, "सोडणं म्हंजे सोडणं. त्याला काय डॉक्टर लागतो."

"मॅडम," परमेश्वरने मधेच विचारलं, "देशी बिलकुल बंद करून नुस्ती बियर चालंल का? हळूहळू?"

"बाटली बदलून काही होत नाही. ह्यांच्यासाठी दारू ती दारूच." त्या उठल्या. "ही गोळी वाईट नाही. पण आधी तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनं द्यायची असते. न सांगता दिली की आज झालं तसं होतं. अजून दोन आठवडे तिचा असर अंगात राहील. खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय नको. म्हणून त्यांना आज सांगावंच लागेल. मी सांगू, की घरचं कोणी?"

"मी सांगते," मनीषा म्हणाली.

ऊन उतरत होतं तेव्हा ती आत गेली. गोरक्षनाथ जागा होता. नाकातली नळी काढली होती. चेहऱ्यावर थकवा होता, आणि एक लाज, जी तिला ओळखीची होती. पिऊन झाल्यानंतरच्या सकाळची.

"पोरीच्या कुंकवात घाण केली मी," तो म्हणाला. "नाही म्हणलो होतो गं. तीनदा म्हणलो. राधेश्याम पाव्हणे म्हणले, सोयरीक मानत न्हाई का आमची. मंग म्हणलं, आता न्हाई म्हणलं तर..."

"अहो, ऐका." ती उभीच होती. बसायचा धीर नव्हता. "तरास दारूनं एकट्या झाला न्हाई. मी तुमच्या वरणात गोळी टाकत होते. दारू सोडायची. दहा दिवस. तुम्हाला न सांगता."

सलाइनचे थेंब पडत होते. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"अन् मी म्हणायचो, आज वरण चांगलं झालंय."

मनीषाने मान हलवली.

"म्हंजे," तो छताकडे बघत सावकाश म्हणाला, "ते दिवस मी काढलेच न्हाई. गोळीनं काढले. मला वाटत होतं मी काढून राह्यलो."

डॉक्टर पट्टा सोडायला आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. "नाही हो," त्या म्हणाल्या. "ह्या गोळीनं दारूची ओढ कमी होत नाही. प्यायलं तरच ती बोलते. तुम्ही प्यायलाच नाहीत, तर ती तुमच्या अंगात नुसती पडून होती. पहिले दिवस तर गोळीही नव्हती. ते पंधरा दिवस तुमचेच."

गोरक्षनाथने मान वळवली आणि बायकोकडे पाहिलं.

"ऐकलं का?" तो म्हणाला.

मनीषाने ऐकलं होतं. पंधरा दिवस तो एकटा एका बाजूने ओढत होता, आणि ती दुसऱ्या बाजूला त्याच्या हरण्याची तजवीज करत होती.

"मला इचारायचं होतं," तो म्हणाला. "मी खाल्ली असती."

"खाल्ली असती?"

"ठावं न्हाई," तो म्हणाला आणि भिंतीकडे कूस केली. त्या दिवशी घरून आलेला डबा त्याने उघडू दिला नाही. रेणूने गाड्यावरून केळी आणली, ती त्याने स्वतःच्या हाताने सोलून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास राधेश्याम आला. हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा उतरलेला. परमेश्वरने बाहेरच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. बुंदीच्या तेलात काहीतरी होतं म्हणायचं, दोघा-तिघांना झालं म्हणायचं. "पोरीचं घर वाचवायचं असंल तर एका तोंडानं बोला," तो म्हणाला होता. सुगंधाबाईंनी मान डोलावली होती. मनीषानेही, कारण आता कशालाच नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरला नाही असं तिला वाटत होतं.

राधेश्याम खाटेजवळ आला तो हात जोडूनच. "व्याही, माह्या बाटलीत काही न्हवतं हो. पोराची आन. त्याच बाटलीतली मी बी पेलो."

"न्हाई न्हाई, तुमचं काही न्हाई," परमेश्वर लगबगीने म्हणाला. "बुंदीचं तेल..."

"परमेश्वर," गोरक्षनाथ म्हणाला, "थांब जरा."

तो उशीला टेकून बसला. हात मांडीवर ठेवले. आवाज बारीक होता, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"तुमच्या बाटलीत दारूच होती पाव्हणं. मी बी दारुडाच हाय. आठ-दहा वर्षं झाली. सकाळी उठल्याबरोबर लागती मला. घरच्यांनी सोडवायची गोळी दिल्ती, तिच्यावर मी पेलो, म्हणून पडलो. बुंदी बराबर होती."

सुगंधाबाईंनी तोंडाला पदर लावला. परमेश्वरने डोळे मिटले.

"मला ठावं न्हवतं व्याही," राधेश्याम चाचरत म्हणाला. "एका घोटानं काय व्हतं, म्हणून म्या..."

"तुम्हाला काही व्हत न्हाई. तुम्ही एक घेता अन् बूच लावता. मला बूच लावता येत न्हाई. तीनदा नाही म्हणलो, चवथ्यांदा नाही म्हणता आलं न्हाई. ही माह्यातली खोट." त्याने श्वास घेतला. "पोरगी माही गुणाची हाय. बाप असा हाय. हे कळून करायचं असंल तर करा. मागून कळून तिला बोल लावू नका."

मनीषाने रेणूकडे पाहिलं. पोरीचे ओठ घट्ट मिटले होते, डोळे भरले होते, पण ती बापाकडे बघत होती आणि नजर हलवत नव्हती. काल मांडवात पडलेल्या बापापेक्षा हा बाप तिला जास्त अवघड जात असावा. तरी ती पुढे झाली आणि खाटेच्या दांडीवर हात ठेवून उभी राहिली, बापाच्या बाजूला.

राधेश्याम बराच वेळ मोसंब्यांच्या पिशवीची गाठ सोडत बसला. शेवटी उठला. "घरी इचारून कळवतो," म्हणाला, आणि जाताना काकासाहेबांच्या पायाला हात लावून गेला. त्याचा अर्थ काय लावायचा ते कोणालाच उमगलं नाही.

निरोप पाचव्या दिवशी आला. नाही म्हटलेलं नव्हतं. "आखाजीनंतर बघू," एवढंच; म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन गेल्यावर. परमेश्वर म्हणाला, हे गोड बोलून मोडणंच झालं. सुगंधाबाईंचं म्हणणं, मोडायचं असतं तर फोन कशाला केला असता. रेणू दोघांनाही काही बोलली नाही. तिने कुंकवाची साडी घडी करून पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर शेडनेटवर क्रॉसिंगला आली. दुपारपर्यंत दोघी एकाच ओळीत समोरासमोर बसून कळ्या उघडत होत्या. मग चिमटा न थांबवता रेणू म्हणाली, "आई, मला तरी सांगायचं होतं. मी दादांना सांगितलं असतं, म्हणूनच सांगितलं न्हाई ना?"

"हो," मनीषा म्हणाली.

रेणूने पुढची कळी घेतली.

गोरक्षनाथ घरी आल्यापासून मनीषाशी बोलत होता, पण कामापुरतं. दोन आठवड्यांनी तपासण्या करायला या, मग तुमच्या मर्जीनं औषध ठरवू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती तारीख त्याने स्वतः कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. काकासाहेब त्याला सकाळी मेंढरांमागे नेत. तो जायचा. संध्याकाळ जवळ आली की मात्र त्याला जागेवर बसवत नसे. अंगणात येरझाऱ्या घाली, आणि घरातली तिन्ही बायामाणसं आपापल्या कामातून त्याची पावलं ऐकत. फाटकाकडे गेली की श्वास थांबे, परत फिरली की सुटे. जेवायचा तो आईच्या हातचं. सुगंधाबाई गुडघे धरत चुलीपुढे बसायच्या, आणि मनीषा आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बाजूला उभी राहायची.

आठव्या दिवशी सुगंधाबाईंना ताप भरला. भाकरी मनीषाने केली. वरण केलं. ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं आणि मागे सरली.

गोरक्षनाथने ताटाकडे पाहिलं. मग ते एका बोटाने तिच्याकडे सरकवलं.

"आधी तू," तो म्हणाला.

रेणू चुलीपाशी होती. तिची पाठ ताठ झाली, पण ती वळली नाही. मनीषा खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. तो बघत होता. तिने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग ताट परत त्याच्याकडे सरकवलं.

तिने मोडलेल्या जागेपासूनच त्याने भाकरी मोडली. एक घास चावून चावून खाल्ला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

मनीषा उठली. मिठाची बरणी घेतली, हात आत घालता घालता थांबली, आणि बरणी तशीच उघडी त्याच्यापुढे ठेवली. त्याने स्वतः चिमूट उचलली. बोटं थरथरत होती, थोडं मीठ जमिनीवर सांडलं. उरलेलं त्याने वरणात टाकलं आणि तो जेवू लागला.